हैदराबादच्या एका भूकंपमापकावरून शिलावरणाची जाडी काढताना

शिलावरण, म्हणजे भूकवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा ताठ भाग, किती जाड आहे हे विचारण्याआधी ते संपते कुठे हे ठरवावे लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे. भूकवचाचा तळ सापडणे तुलनेने सोपे असते, कारण तिथे खडकच बदलतो. १९०९ साली क्रोएशियातल्या एका भूकंपाच्या नोंदी वाचताना आंद्रिया मोहोरोविचिच यांना जी सीमा दिसली, ती आज शालेय पुस्तकातही मोहो विलगता म्हणून असते. शिलावरणाच्या तळाशी मात्र खडक तोच राहतो. वर पेरिडोटाइट हा प्रावरणातला खडक, खालीही पेरिडोटाइट. बदलते ते तापमान आणि त्याबरोबर खडकाचा कणखरपणा: सुमारे १,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तो इतका मऊ होतो की वरच्या पट्ट्याबरोबर ताठपणे सरकण्याऐवजी भूशास्त्रीय काळात वाहू लागतो. या खालच्या मऊ थराला दुर्बलावरण म्हणतात.

म्हणून उष्णताप्रवाह मोजणारा अभ्यासक शिलावरणाची एक जाडी सांगतो, किंबरलाइट या खोलवरून उसळलेल्या ज्वालामुखीय खडकामधून वर आलेल्या प्रावरणाच्या तुकड्यांचा दाब आणि तापमान काढणारा दुसरी, आणि भूकंपलहरी वाचणारा तिसरी. भूकंपशास्त्राला प्रत्यक्षात दिसते ते एवढेच की अमुक खोलीला एस लहरींचा, म्हणजे खडक प्रवासाच्या दिशेला आडवा हलवणाऱ्या लहरींचा, वेग खाली जाताना वाढण्याऐवजी कमी होतो. हा वेगातला उतार म्हणजेच शिलावरणाचा तळ, हे आपले अर्थघटन आहे. पुढे दिलेली पद्धत पायरीपायरीने करून पाहताना हा फरक मनात ठेवावा. निम्म्या चुका तो विसरल्यामुळेच होतात.

उदाहरणासाठी हैदराबादचे केंद्र घेतले आहे, त्याला तीन कारणे आहेत. फ्रान्सच्या जिओस्कोप जाळ्यातले हे केंद्र राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने चालते आणि त्याच्या अनेक वर्षांच्या ब्रॉडबँड (मंद आणि जलद दोन्ही कंपने टिपणाऱ्या) नोंदी कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. ते पूर्व धारवाड या प्राचीन भूखंडाच्या जुन्या ग्रॅनाइट-नाइसवर बसले आहे, त्यामुळे खालचे भूकवच बरेच साधे आहे. तिसरे कारण असे की भारतीय शिलावरणाची जाडी हा आजही वादाचा विषय आहे आणि सरावासाठी वादाचा विषय नेहमीच बरा.

कोणती लहर आणि का

भूकवचाची जाडी काढण्यासाठी जमिनीत सुरुंग लावूनही काम भागते. १९७२ मध्ये कावली ते उडुपी या रेषेवर आणि त्यानंतर कोयना परिसरात गुहागर–चोरोची आणि केळशी–लोणी या रेषांवर खोल भूकंपीय सर्वेक्षण झाले, त्यातून मोहोची खोली मिळाली. पण शिलावरणाच्या तळाशी वेगातला फरक अवघा काही टक्के असतो आणि खोली शंभर किलोमीटर किंवा त्याहून अधिक. एवढ्या खाली जाऊन ओळखू येईल असा प्रतिध्वनी घेऊन परतण्याइतके बळ सुरुंगात नसते. म्हणून आपण हजारो किलोमीटर दूरच्या भूकंपाची लहर वापरतो, जी खालून येते आणि वर जाताना सगळे थर ओलांडते.

अशी लहर एखाद्या सीमेवर तिरपी आदळली की तिचा थोडा भाग प्रकार बदलतो. पी लहरीतून, म्हणजे खडक पुढेमागे दाबत जाणाऱ्या लहरीतून, थोडी एस निर्माण होते, एस लहरीतून थोडी पी. मूळ लहर आणि तिच्यातून फुटलेली लहर यांच्या पोहोचण्यातले अंतर मोजले की सीमेची खोली काढता येते. या तत्त्वावर उभ्या असलेल्या पद्धतीला रिसीव्हर फंक्शन म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला प्रतिशब्द नाही, म्हणून हाच शब्द पुढे वापरतो.

पहिला मोह पी लहर वापरण्याचा होतो, कारण ती स्वच्छ असते आणि सर्वांत आधी येते. तिथे काय घडते ते आकड्यांत पाहू. हैदराबादखालचे भूकवच सुमारे ३३ किमी धरू. त्यात पी लहरीचा वेग सेकंदाला ६.४ किमी आणि एस लहरीचा ३.७ किमी, त्याखालच्या प्रावरणात अनुक्रमे ८.०५ आणि ४.५ किमी. रे पॅरामीटर, म्हणजे लहर किती तिरपी येते ते सांगणारी राशी, किलोमीटरला ०.०६ सेकंद घेतला, तर मोहोवर पी-तून फुटलेली एस लहर मूळ पी-नंतर ३.९ सेकंदांनी पोहोचते. १०० किमी खोलीवरच्या सीमेतून फुटलेली लहर ११ सेकंदांनी येते. पण जमिनीच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा मोहोवरून परतलेल्या लहरी १३.५ आणि १७.४ सेकंदांना येतात, आणि त्या शिलावरणाच्या तळातून येणाऱ्या लहरीपेक्षा कितीतरी जोरकस असतात. खोलीच्या भाषेत सांगायचे तर त्या अनुक्रमे १२३ आणि १६१ किमीवर नसलेल्या सीमा उभ्या करतात. त्यातली दुसरी ऋण चिन्हाची असते, म्हणजे वेग कमी होत असल्याचा तंतोतंत आव आणते. १६० किमीवर शिलावरणाचा तळ सापडल्याचा आनंद अशा वेळी बहुधा भूकवचाच्या प्रतिध्वनीचा असतो.

एस लहरीच्या बाबतीत हा क्रम उलटतो. एस-मधून फुटलेली पी लहर वेगवान असल्यामुळे मूळ एस-च्या आधीच पोहोचते, आणि पृष्ठभागावर आपटून येणारे सगळे प्रतिध्वनी एस-नंतर येतात. एस-च्या आधीचा काळ त्यांच्यापासून मुक्त राहतो. २००० च्या सुमारास एस रिसीव्हर फंक्शनचा वापर वाढला तो याच कारणाने, आणि शिलावरणाच्या तळासाठी आपणही तीच वापरणार आहोत. किंमत एकच मोजावी लागते: एस-च्या आधीचा काळ पी लहरीच्या लांबलेल्या शेपटीने आणि इतर लहरींनी गजबजलेला असतो, त्यामुळे एकट्यादुकट्या नोंदीवर विसंबता येत नाही.

साधने आणि नोंदी

पायथनमधील ऑब्सपाय हे मुक्त ग्रंथालय बहुतेक सगळे काम करते: नोंदी उतरवणे, उपकरणाचा प्रतिसाद वजा करणे, घटक फिरवणे आणि त्यातल्याच टाउपी या भागातून लहरींच्या येण्याच्या वेळा काढणे. रिसीव्हर फंक्शनसाठी त्यावर बेतलेले आरएफ नावाचे वेगळे पॅकेज आहे, पण पहिल्या वेळी डीकॉन्व्होल्यूशनची, म्हणजे मूळ लहरीचा आकार नोंदीतून काढून टाकण्याची, पायरी स्वतः लिहावी असे माझे मत आहे. तयार आज्ञा दिली की चित्र सुंदर येते आणि आत काय घडले ते कळत नाही.

एकाच केंद्राच्या अनेक वाहिन्या असतात. आपल्याला सेकंदाला २० नमुने देणारी बीएच वाहिनी हवी. सेकंदाला एक नमुना देणारी एलएच वाहिनी पृष्ठलहरींसाठी पुरेशी आहे, रिसीव्हर फंक्शनसाठी नाही. उतरवताना केंद्राची माहिती, म्हणजे आडव्या घटकांची नेमकी दिशा आणि उपकरणाचा प्रतिसाद, तारखेनुसार घ्यावी. उपकरण बदलले की दिशा आणि चिन्ह बदलू शकते, आणि पंधरा वर्षांच्या नोंदींवर एकच माहिती लावली तर निम्म्या नोंदी उरलेल्या निम्म्यांना खोडून काढतात.

भूकंप निवडणे

अंतराची मर्यादा इथे काटेकोर आहे. हे अंतर पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनात, अंशांत मोजतात. भूकंप ६० अंशांपेक्षा बराच जवळ असेल तर एस लहर इतकी तिरपी येते की तिच्यातून फुटलेली पी जवळजवळ आडवी होते; रे पॅरामीटर ०.१२४ च्या पुढे गेला की ८.०५ किमी वेगाच्या प्रावरणात ती वर पोहोचतच नाही. ८५ अंशांच्या पलीकडे गाभ्यातून आलेली एसकेएस लहर एस-च्या पुढे निघते आणि दोन्ही एकमेकींत मिसळतात. म्हणून ६० ते ८५ अंश हा पट्टा घ्यावा. त्यापलीकडच्या भूकंपांसाठी एसकेएस लहर स्वतंत्रपणे वापरता येते, पण त्या नोंदी या नोंदींत मिसळू नयेत.

हैदराबादहून पाहिले तर कामचटका सुमारे ७१ अंशांवर आहे, पापुआ न्यू गिनीचे न्यू ब्रिटन बेट ७४ अंशांवर, मारियाना बेटे ६४ अंशांवर. ही आपली मुख्य भांडारे. टोंगा १११ अंशांवर जाते, म्हणजे हिशेबाबाहेर. ग्रीस ५३ अंशांवर, म्हणजे फार जवळ. थोडक्यात, आपल्याकडे येणारा बहुतेक प्रकाश ईशान्येचा आणि पूर्वेचा आहे. पश्चिमेकडून पाहण्याची संधी जवळजवळ मिळतच नाही, ही गोष्ट निष्कर्ष लिहिताना पुन्हा लागेल.

तीव्रता ५.८ ते ७ च्या दरम्यानची बरी. त्याहून लहान भूकंपाची एस लहर गोंधळात बुडते. त्याहून मोठ्या भूकंपात भ्रंश अर्धा-अर्धा मिनिट आणि त्याहून अधिक काळ फाटत राहतो, त्यामुळे मूळ लहरच लांबलचक होते. खोलीच्या बाबतीतही सावध राहावे. २४ मे २०१३ चा ओखोत्स्क समुद्रातला भूकंप कागदावर अगदी योग्य वाटतो: तीव्रता ८.३, अंतर सुमारे ६७ अंश, आणि खोली जवळपास ६०० किमी असल्यामुळे लहर आश्चर्यकारक स्वच्छ. तरीही तो वगळावा. इतक्या खोल भूकंपात पृष्ठभागावरून परतलेल्या पी लहरींपैकी काही नेमक्या एस-च्या आधीच्या मिनिटात येऊन पडतात आणि सीमेसारख्या दिसतात. ३०० किमीपेक्षा उथळ भूकंपच घ्यावेत.

यादी तयार झाली की प्रत्येक नोंद डोळ्यांनी पाहावी. दहा वर्षांच्या यादीत शेकडो भूकंप निघतात, त्यातले निम्म्याहून अधिक बाद होतात, आणि तसेच व्हायला हवे. एस-चा स्वतःचा जोर ती येण्याच्या आधीच्या शंभर सेकंदांतल्या गोंधळाच्या किमान दोन-अडीच पट असावा. हे काम यंत्रावर सोडता येते, पण पहिल्या पन्नास नोंदी तरी स्वतः चाळाव्यात. नजर एकदा बसली की चुकीची वेळ, हरवलेला घटक किंवा मध्येच आलेला जवळचा भूकंप लगेच कळतो.

नोंद फिरवणे

भूकंपमापक तीन दिशांना हालचाल मोजतो: उभी, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. लहरीला या दिशांशी काही देणेघेणे नसते. तिची स्वतःची दिशा वापरून नोंद फिरवावी लागते, तेव्हा पी आणि एस वेगळ्या होतात.

यात दोन पायऱ्या आहेत. आधी भूकंपाच्या दिगंशानुसार, म्हणजे उत्तरेपासून मोजलेल्या त्याच्या दिशेनुसार, आडवे घटक फिरवून एक भूकंपाच्या रेषेत आणि एक तिच्या काटकोनात आणावा. न्यू ब्रिटनच्या भूकंपासाठी हैदराबादहून हा दिगंश सुमारे १०२ अंश येतो, म्हणजे पूर्वेपासून किंचित दक्षिणेकडे. मग उभा घटक आणि रेषेतला घटक यांना येणाऱ्या लहरीच्या कोनातून फिरवून एल आणि क्यू असे दोन घटक काढावेत: एल लहरीच्या प्रवासाच्या दिशेने, क्यू त्याला लंब. सगळी एस क्यू-वर आणि सगळी पी एल-वर गोळा झाली पाहिजे.

हा कोन पुस्तकी वेगावरून काढता येतो, पण केंद्राखालचा वरचा थर पुस्तकाप्रमाणे नसतो. म्हणून कोन थोडाथोडा बदलत न्यावा आणि एस पोहोचण्याच्या क्षणी एल घटकावर जिथे सर्वांत कमी हालचाल उरते तो कोन घ्यावा. चाळीस अंशांपासून सुरुवात करून एकेका अंशाने खालीवर जाताना एल-वरचा तो टोकदार उंचवटा हळूहळू सपाट होतो, क्षणभर नाहीसा होतो आणि पुढच्या अंशाला उलट्या दिशेने उगवतो. ते पाहताना ही पद्धत पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजते, असा माझा अनुभव आहे.

वारंवारतेची गाळणी इथेच लावावी: सुरुवातीला ०.०३ ते ०.५ हर्ट्झ. दूरच्या एस लहरीतील उच्च वारंवारता प्रावरणाने आधीच गिळलेली असते, त्यामुळे त्याहून वर जाऊन फक्त गोंधळ पदरात पडतो.

डीकॉन्व्होल्यूशन

प्रत्येक भूकंपाची एस लहर वेगळ्या आकाराची असते, कारण प्रत्येक भ्रंश वेगळ्या तऱ्हेने फाटतो. तिच्यातून फुटलेली पी मात्र तिचीच लहान प्रत असते. म्हणून क्यू घटकाचा आकार एल घटकातून काढून टाकला की उरते ती फक्त सीमांची यादी: किती सेकंद आधी आणि किती जोराने. हेच डीकॉन्व्होल्यूशन.

एस-च्या शंभर सेकंद आधीपासून पन्नास सेकंद नंतरपर्यंतचा तुकडा घ्यावा, क्यू-वरची एस लहर स्रोत म्हणून कापावी आणि तिने एल घटक भागावा. भागाकार वारंवारतेत करायचा तर जिथे छेद शून्याजवळ जातो तिथे किमान पातळी ठरवून द्यावी लागते, नाहीतर उत्तर थरथरत राहते. काळाच्या पटावर एकेक उंचवटा शोधत जाणारी पुनरावृत्तीची पद्धत नवशिक्याला अधिक सोसते. दोन्ही करून पाहाव्यात आणि दोन्हींत न दिसणाऱ्या उंचवट्यावर विश्वास ठेवू नये.

यानंतर दोन उलटफेर करायचे असतात. फुटलेली पी मूळ एस-च्या आधी येते, म्हणून काळाचा अक्ष उलटावा. आणि पी रिसीव्हर फंक्शनशी मेळ राहावा म्हणून उंचीचे चिन्हही उलटावे. असे केले की वेग वाढवणारी मोहो धन आणि वेग घटवणारा शिलावरणाचा तळ ऋण दिसतो. मी पहिल्या प्रयत्नात काळ उलटला आणि चिन्ह विसरलो. अख्खी संध्याकाळ ‘ऋण मोहो’चा भूशास्त्रीय अर्थ लावण्यात गेली. चार सेकंदांच्या आसपास ठसठशीत धन उंचवटा आला नाही तर पुढे जाऊ नये, मागे जाऊन चिन्ह पाहावे.

एकेका नोंदीत शिलावरणाचा तळ दिसेल अशी अपेक्षा करू नये. तो मूळ लहरीच्या काही टक्के एवढाच असतो. नोंदी एकावर एक रचल्या की योगायोगाचा गोंधळ नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो: ६४ नोंदींत आठव्या भागावर येतो. पन्नासच्या खाली संख्या असेल तर निष्कर्ष राखून ठेवावा.

पण रचण्याआधी तिरपेपणाची दुरुस्ती हवी. आपल्याच प्रारूपात १०० किमी खोलीवरून आलेली लहर रे पॅरामीटर ०.०९ असताना एस-च्या १२.१ सेकंद आधी येते आणि ०.११ असताना १३.६ सेकंद आधी. दीड सेकंदाचा हा फरक न काढता नोंदी रचल्या तर उंचवटा पसरून नाहीसा होतो. सगळ्या नोंदी एका संदर्भ रे पॅरामीटरवर आणाव्यात, अंशाला ६.४ सेकंद, म्हणजे किलोमीटरला सुमारे ०.०५८ सेकंद, हा आकडा रूढ आहे. त्यावर मोहो ३.९ सेकंदांना आणि १०० किमीची सीमा १०.९ सेकंदांना येते.

सेकंदांतून किलोमीटर

संदर्भावर आणलेल्या काळाला नऊने गुणले की खोलीचा कच्चा अंदाज मिळतो: १०.९ सेकंदांचे ९८ किमी. कामाचा अंदाज म्हणून हे छान, निष्कर्ष म्हणून नाही. निष्कर्षासाठी भूकवचाची जाडी आणि त्यातले पी-एस वेगांचे गुणोत्तर त्याच केंद्राच्या पी रिसीव्हर फंक्शनमधून आधी काढून घ्यावे. वर जे प्रतिध्वनी शत्रू ठरले होते ते इथे मित्र होतात: मोहोची थेट फुटलेली लहर आणि तिचे दोन प्रतिध्वनी या तीन वेळा एकत्र जुळवल्या की जाडी आणि गुणोत्तर दोन्ही एकदम मिळतात. मग प्रावरणाचा वेग धरून उरलेला काळ खोलीत बदलावा. प्रावरणात एका सेकंदाची चूक साडेनऊ किलोमीटरची होते. उंचवट्याचा माथा वाचताना अर्धा-एक सेकंद इकडेतिकडे सहज होतो, त्यामुळे ‘९७.३ किमी’ असे लिहिणाऱ्याकडे संशयाने पाहावे.

दख्खनच्या पठारावरच्या केंद्रासाठी हेच काम करायचे असेल तर वरच्या बेसॉल्टचे काय, असा प्रश्न हमखास येतो. किल्लारीला खणलेल्या वेधछिद्रात बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर निघाली, कोयनेला सुमारे ९३० मीटर. पी रिसीव्हर फंक्शनच्या पहिल्या दोन सेकंदांत हा थर नक्कीच गडबड करतो. पाच-आठ सेकंद आवर्तकालाच्या एस लहरीला मात्र तो जवळजवळ जाणवत नाही, ४.५ किमी वेगाने आठ सेकंदांची तिची लहरलांबी ३६ किमी भरते. हीच लांबी आपली मर्यादाही ठरवते. वेगातला उतार ५० किमी किंवा त्याहून जाड पट्ट्यात हळूहळू घडत असेल तर रूपांतरित लहर इतकी क्षीण होते की दिसत नाही. काही न दिसणे म्हणजे शिलावरणाला तळ नाही असे नव्हे. तो तीव्र नाही, एवढेच.

उंचवटा खरा की भासमान

माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वाधिक वेळ इथे द्यावा. मोहोचा धन उंचवटा जोरदार असतो आणि गाळणी व डीकॉन्व्होल्यूशन त्याच्या दोन्ही बाजूंना ऋण खळगे तयार करतात. उजवीकडचा खळगा शिलावरणाच्या तळासारखाच दिसतो आणि बऱ्याचदा ६० ते ९० किमी अशा अगदी पटण्याजोग्या खोलीवर पडतो.

पहिली चाचणी गाळणीची. कमाल वारंवारता ०.५ वरून ०.२५ आणि मग ०.१२ हर्ट्झवर आणावी. खळगा जर मोहोची सावली असेल तर तो गाळणीबरोबर सरकत दूर जातो; खरी सीमा रुंद होते, पण तिचा मध्य जागेवर राहतो.

दुसरी चाचणी अधिक निर्णायक. ३३ किमी भूकवच आणि त्याखाली एकाच वेगाचे अखंड प्रावरण, म्हणजे शिलावरणाला तळच नाही, अशा प्रारूपातून कृत्रिम भूकंपालेख तयार करावेत. त्यांत खऱ्या नोंदींतला, एस-च्या आधीचा गोंधळ मिसळावा आणि तीच गाळणी, तेच फिरवणे, तेच डीकॉन्व्होल्यूशन, तीच रचना करावी. शेवटी ११ सेकंदांच्या आसपास ऋण उंचवटा उगवलाच तर तो आपल्या पद्धतीने निर्माण केलेला आहे.

तिसरे, बूटस्ट्रॅप: आपल्या नोंदींतून पुन्हा पुन्हा, एकच नोंद दोनदा आली तरी चालेल अशा रीतीने, तेवढ्याच संख्येचा संच उचलावा आणि दोनशे वेळा रचून पाहावे. उंचवट्याच्या जागेचा आणि उंचीचा फैलाव हाच आपला खरा अनिश्चिततेचा आकडा. आणि नोंदी ईशान्येच्या आणि पूर्वेच्या अशा दोन गटांत विभागून वेगळ्या रचाव्यात. दोन्हींत सीमा असेल पण दहा-पंधरा किमीचा फरक असेल, तर ती चूक नसून बातमी असू शकते.

इतके करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. जुन्या क्रेटनच्या, म्हणजे खंडाच्या प्राचीन, स्थिर गाभ्याच्या पोटात, ८० ते १२० किमीच्या दरम्यान, वेग थोडा घटवणारी एक अंतर्गत सीमा अनेक खंडांत आढळली आहे. ती शिलावरणाच्या मध्यावर असते, तळाशी नाही. रिसीव्हर फंक्शनला या दोघींत भेद करता येत नाही, कारण त्याला फक्त उडी दिसते. उडीनंतर वेग कमी राहिला की पुन्हा वाढला हे ते सांगत नाही.

दुसरा साक्षीदार: पृष्ठलहरी

उडीच्या आधी आणि नंतर प्रत्यक्ष वेग किती आहे हे रॅले लहर हा पृष्ठलहरींचा प्रकार सांगतो. ती पृष्ठभागालगत प्रवास करते, पण आवर्तकाल जितका मोठा तितकी खोल जाते. ढोबळ मानाने लहरलांबीच्या एक-तृतीयांश खोलीला ती सर्वाधिक संवेदनशील असते. ३० सेकंदांची लहर सुमारे ३८ किमीवरचे सांगते, १०० सेकंदांची सुमारे १३७ किमीवरचे. म्हणजे शिलावरणाच्या तळासाठी १५० सेकंदांपर्यंतचा वेग हवा.

सोपी रीत दोन केंद्रांची. हैदराबाद आणि श्रीलंकेतील पल्लेकेले हे दुसरे मुक्त ब्रॉडबँड केंद्र यांच्यात सुमारे १,१५० किमी अंतर आहे आणि त्यांना जोडणारी रेषा उत्तरेकडे वाढवली की ताजिकिस्तान-किर्गिझस्तानच्या भूकंपप्रवण भागातून जाते. रेषेपासून तीन-चार अंशांहून अधिक बाजूला नसलेले उथळ भूकंप निवडावेत. हिंदुकुशचे दोनशे किमी खोलीचे भूकंप दिशेने योग्य असले तरी पृष्ठलहरी फार कमी उठवतात. दोन केंद्रांवरच्या कलेतला, म्हणजे लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यातला, फरक प्रत्येक आवर्तकालाला मोजावा, तो सेकंदांत बदलावा आणि अंतराला त्या काळाने भागावे.

यात एक सापळा आहे: कला पूर्ण फेऱ्यांनी मोजता येत नाही, त्यामुळे एक फेरी कमी की जास्त हे आपल्याला ठरवावे लागते. १०० सेकंदांना ते सोपे जाते. ४.१ किमी वेगाने १,१५० किमीला सुमारे २८० सेकंद लागतात; एक फेरी चुकली तर वेग तीन किंवा साडेसहा किमी येईल, म्हणजे उघड अशक्य. २० सेकंदांना मात्र ३.६ ऐवजी ३.४ किंवा ३.८ येतो आणि तिन्ही पटतात. म्हणून मोठ्या आवर्तकालापासून सुरू करावे आणि आवर्तकालानुसार वेगाचा वक्र तुटू न देता लहानाकडे यावे.

मिळालेल्या वक्रातून एस वेगाची खोलीनुसार रचना काढताना भूकवच पी रिसीव्हर फंक्शनवरून पक्के करावे आणि १०० किमीवरची उडी ठेवून आणि न ठेवता असे दोन्ही पर्याय तपासावेत. दोन्ही प्रारूपे वक्राशी सारखीच जुळत असतील तर तसे प्रामाणिकपणे लिहावे. रॅले लहर सीमा पुसट करते, रिसीव्हर फंक्शन वेगाचा खरा आकडा गमावते. दोन्हींवरून एकत्रच वेगाची रचना काढली की एकाची उणीव दुसरा काही अंशी भरून काढतो.

भारताच्या बाबतीत वाद नेमका इथेच आहे. २००७ साली नेचरमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते, एस रिसीव्हर फंक्शनवरून भारतीय शिलावरण सुमारे १०० किमी जाड निघाले, तर एकेकाळी गोंडवन या प्राचीन महाखंडात शेजारी असलेल्या दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांचे १८० ते ३०० किमी. भारत वर्षाला १८ ते २० सेंटिमीटर या विलक्षण वेगाने उत्तरेकडे का सरकला याचे उत्तर त्यांनी या पातळ मुळात शोधले. दुसरीकडे, पृष्ठलहरींवर आधारलेल्या काही प्रारूपांत दक्षिण भारताखाली वेगवान प्रावरण दीडशे किमीच्या पुढेही टिकते. आंध्रातल्या वज्रकरूरचे किंबरलाइट हिऱ्यांसह वर आले, म्हणजे सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी तरी तिथले शिलावरण हिरे टिकण्याइतके, दीडशे किमीच्या आसपास वा अधिक जाड असणार. तेव्हाचे जाड मूळ नंतर झिजले, की १०० किमीवर दिसणारी उडी हा तळ नसून मधली सीमा आहे, हे तुमच्या नोंदींनी ठरवायचे आहे.

निकाल लिहिताना

केंद्र हैदराबादला आहे म्हणून निकाल हैदराबादचा होत नाही. फुटलेली पी लहर तिरपी वर येते. १०० किमी खोलीवर ती जिथे फुटते ती जागा केंद्रापासून आडव्या अंतराने सुमारे १२० किमी दूर असते. न्यू ब्रिटनच्या भूकंपांसाठी ती सूर्यापेटच्या आसपास पडते आणि कामचटकाच्या भूकंपांसाठी करीमनगरच्या बाजूला. नकाशावर भूकंपमापकाच्या जागेवर नव्हे, तर या दोन ठिकाणी ठिपके द्यावेत आणि प्रत्येकाशेजारी चार गोष्टी लिहाव्यात: ऋण उंचवट्याची खोली बूटस्ट्रॅपच्या फैलावासह, रचलेल्या नोंदींची संख्या, वापरलेली गाळणी आणि धरलेले वेग. जाडी या शब्दाऐवजी ‘एस वेग घटण्याची खोली’ असा स्तंभ ठेवावा, आणि रॅले लहरीने त्या खोलीखाली वेग खरोखर कमीच राहिल्याचे दाखवले असेल तरच पुढच्या रकान्यात शिलावरणाचा तळ असे नोंदवावे.